मागच्या डाव्या चाकाची हकिकत

ती. स्व. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात वाकले आहे. का धरली ते पुढे येईलच.) देवाच्या कृपेने इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत. तुझी खुशाली वहिनीकडून कळली. रक्तदाब उतरला, गुडघ्याची सूज उतरत नाही, आणि डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून तू कपाटामागे बिस्किटांचा डबा ठेवतोस. डबा वहिनीला केव्हाच सापडला आहे, ती बोलत नाही इतकंच. गुडघ्याला शेक घेत जा आणि डबा निदान दुसरीकडे तरी हलव.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तू हसायला लागतोस, आणि तुझं हसून होईपर्यंत माझं बोलायचं राहून जातं. पत्राचं तसं नाही. तू हसलास तरी पुढची ओळ जागच्या जागी असते. तेव्हा पोटभर हसून घे आणि मग वाच.

बाबा गेल्यावर त्यांची गाडी तूच आमच्या अंगणात आणून लावलीस, तुमच्या इमारतीत जागा नाही म्हणून. त्या दिवशी तू उतरताना विहिरीतून भरली घागर ओढावी तसा दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढलास आणि म्हणालास की आता भूकंप झाला तरी ही हलायची नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.) दोन वर्षं ती खरोखरच हलली नाही. गेल्या महिन्यात तू आलास, एका हाताने तिला ढकलून पाहिलंस, दुसऱ्या हातात चहाचा कप होता, आणि जाहीर केलंस की पंधरा तारखेला भंगारवाला ट्रक घेऊन येईल. मी नाही म्हटलं. तेव्हा तू हसत हसत एका जुन्या पाकिटावर लिहून दिलंस: “पंधरा तारखेच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर आली, तर गाडी तुझी.” खाली सही केलीस. आमच्या ह्यांनी साक्षीदार म्हणून केली, तीही हसतच. ते पाकीट मी रोज वाचायच्या पोथीत ठेवलं आहे. रोज पोथी उघडते तेव्हा आधी तुझं अक्षर दिसतं, मग देवाचं नाव.

गाडी कशाला हवी तुला, हे तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा उत्तराला थांबला नाहीस. आता सांगते. मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात बाबा तुला रोज सकाळी गाडी शिकवायला नेत. मी मागच्या सीटवर. परत आलात की बाबा तुझ्या हातात किल्ली ठेवत, फिरवून आण म्हणत, आणि माझ्या हातात फडकं. मी दहा वर्षं ती गाडी पुसली. तिच्या पत्र्यावरचा पोचा न् पोचा मला पाठ आहे, त्यातले दोन तुझे आहेत आणि बाबांना ते अखेरपर्यंत कळले नाहीत. मागे बसून तुझे पाय कधी कशावर जातात हेही मी पाहत होते. बाबांवर माझा राग नाही, रोज दिवा लावताना त्यांचं नाव घेते. पण फडकं मारायची माझी पाळी संपली, दादा.

तर पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने सगळीकडून वाकून पाहिलं आणि सांगितलं की तीन चाकं ठीक आहेत, मागचं डावं जाम आहे. चाकाच्या आत पालथ्या पातेल्यासारखा लोखंडी ड्रम असतो, त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या. ब्रेक ओढला की त्या फाकतात आणि ड्रमला आतून धरून ठेवतात. दोन वर्षं धरून बसल्यावर गंजाने तिथेच चिकटल्या. (म्हणजे भूकंपाचं वाक्य कोणाचं आणि दोन्ही हात कोणाचे, याचा तूच विचार कर.) उपाय काय, तर गाडी ओढून न्यायची, ड्रम कापायचा, नवा घालायचा. एवढ्या खर्चाला गाडी विकून वर पैसे घालावे लागतील, असंही म्हणाला. मी म्हटलं, घरी सोडवता येईल का. तो आमच्या ह्यांच्याकडे बघून हसला. (पुरुषमंडळींना ही गाडी बघून इतकं हसू का येतं, हे मला अजून कळलेलं नाही.) जाता जाता एवढं मात्र सांगून गेला की ड्रमवर ठोकायचं ते लाकडाने, लोखंडाने ठोकलं तर तडा जाईल, आणि आत तेल जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पुढे ब्रेक लागणं देवाच्या भरवशावर. मी त्याला सांगितलं की सगळं देवाच्या भरवशावर असायला माझी ना नाही, पण ब्रेक आपला आपण सांभाळावा.

आता माझ्याजवळची हत्यारं ऐक. गाडीच्या डिकीत बाबांचा जॅक आणि नट काढायचा पाना निघाला, दोन्ही फडक्यात नीट गुंडाळलेले. (फडकं मी ओळखलं.) पाना आखूड, नट हलेनात, म्हणून पडद्याचा पोकळ दांडा त्याच्या शेपटीत अडकवला आणि दांड्याच्या टोकावर मी उभी राहिले. माझ्या वजनाला लग्नापासून तू नावं ठेवत आलास, पण चारही नट त्या वजनानेच सुटले आणि चाक निघून आतला ड्रम उघडा पडला. ठोकायला कपडे धुवायचं धोपाटणं. तेल शिलाई मशीनचं, ते बारीक नळीने थेंब थेंब फक्त ड्रमच्या मधल्या टोपीच्या कडेला, आत नाही. ड्रम तापवून फुगवायला किटलीभर उकळतं पाणी. बाकीच्या चाकांना पुढेमागे विटा, आणि जॅक घसरलाच तर म्हणून गाडीखालीही विटांचा ओटा. विकत काही आणलं नाही. आमचे हे तर मोठं काम उचलल्यासारखे पायरीवर खुर्ची टाकून गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मोठ्याने वाचत होते. त्यात जाम झालेल्या चाकाबद्दल एकच वाक्य आहे, जवळच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. ते त्यांनी चार दिवसांत निदान वीस वेळा वाचलं, दर वेळी नवीन सापडल्यासारखं.

ठोकण्यात एक शिस्त लागते. एकाच जागी दणके दिले तर उपयोग नाही, गोल फिरत फिरत ठोकावं लागतं, म्हणून मी जपाच्या हिशेबाने घेतले. एका माळेचे एकशे आठ ठोके, मग किटली, मग पुन्हा माळ. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवलं आहे. पहिल्या दिवशी पाच माळा, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी नऊ, त्यातली शेवटची अर्धी, कारण धोपाटणं हातातून निसटलं आणि ह्यांच्या पुस्तकावर जाऊन बसलं. देवाचं नाव इतकं मी वर्षभरात घेत नाही. ड्रम मात्र केसभरही फिरला नाही. गॅरेजवाला रोज संध्याकाळी फाटकाशी सायकल टेकवून विचारायचा, काय ताई, सुटलं का. मी म्हणायचे, सुटेल. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंही नाही, नुसता बघून गेला, आणि ते मला जास्त लागलं. तरी थांबायचा विचार मनाला शिवला नाही. कंबर धरली ती याच दिवशी.

या सगळ्यात आमच्या सासूबाई दिवसभर माझ्याजवळ होत्या. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला टेकून, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून, हातात जपमाळ. मला वाटे, सावलीला बसल्या आहेत. मनात म्हणायचे सुद्धा की बघ, तू गाडीखाली मरतेस आणि या कशा आरामात बसल्यात. चौथ्या दिवशी सकाळी दुसरी माळ सुरू करणार, तोच ह्यांना ठसका लागला म्हणून वाचन थांबलं, मीही दम घ्यायला थांबले, आणि त्या शांततेत मला आतून एक बारीक आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. दातेरी काहीतरी वर चढल्यासारखा. मी धोपाटणं खाली ठेवलं आणि दाराशी जाऊन पाहिलं. सासूबाईंच्या एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात हँडब्रेक, पूर्ण वर ओढलेला.

दादा, हँडब्रेक मी पहिल्याच दिवशी खाली सोडला होता. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी डोळ्यांनी पाहत होते, तो खालीच असायचा. कारण मी गाडीखाली गेले की सासूबाई तो ओढायच्या आणि मी बाहेर यायला लागले की हळूच सोडून द्यायच्या, मी रागावू नये म्हणून. चार दिवस मी बाहेरून ज्या पट्ट्या सुटाव्यात म्हणून ठोकत होते, त्याच त्या आतून आवळून धरत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या अंगावर आली असती तर? देवाला शंभर कामं असतात गं, म्हणून मी धरून बसले होते.”

यावर रागावणार कशी आणि कोणावर. मी गाडीला टेकून बसले आणि रडते की हसते ते माझं मलाच कळेना. शेवटी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेऊन सांगितलं की आई, आजपासून काहीही होऊ दे, आकाश कोसळू दे, या दांड्याला हात लावायचा नाही. त्यांनी देवाची शपथ घेऊन कबूल केलं. (सासूबाई शब्दाच्या किती पक्क्या आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.) ब्रेक खाली सोडला, किटली ओतली आणि नव्याने माळ सुरू केली. एक्केचाळिसाव्या ठोक्याला ड्रममधून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मी त्याला हाताने धरून फिरवलं आणि तो फिरला. खरखरत, कुरकुरत, गंजाचा भुगा पाडत, पण पूर्ण एक फेरा फिरला. ह्यांनी पुस्तक मिटलं. सासूबाईंनी ड्रमला हात जोडले. मी नाही जोडले, माझे हात दोन्ही काळे होते.

चाक बसवलं, चारी नट घट्ट केले, सायकलच्या पंपाने हवा भरली. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे नऊ तारखेला, बाबांची गाडी स्वतःच्या चाकांवर आमच्या फाटकाबाहेर आली. हे साक्षीला आहेत, सासूबाई आहेत, आणि सायकलसह गॅरेजवाला आहे. या वेळी तो हसला नाही, त्याने टोपी काढली. तेव्हा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गाडी माझी झाली. भंगारवाल्याला तसं कळव आणि कागदांवर सही करायला ये. इंजिन चालू होईल की नाही ते मी बघेन. आधी हे चाकही फिरायचं नव्हतंच.

वहिनीला नमस्कार. गुडघा जप.

तुझी,
धाकटी

ता. क. गाडी बाहेर आली एवढं वर लिहिलं, कशी आली ते लिहायचं राहिलं. ढकलायला जोर लागणार म्हणून मी आणि हे मागे लागलो, आणि वजनाला सगळ्यांत हलक्या म्हणून सासूबाईंना स्टिअरिंगवर बसवलं. अंगणाला फाटकाकडे किती उतार आहे हे चाक जाम असताना कधी कळलंच नव्हतं. गाडी आमच्या हातातून सुटली. मी ओरडले की आई, ब्रेक ओढा. त्या खिडकीतून मान काढून म्हणाल्या, “शपथ घेतलीय मी,” आणि स्टिअरिंग अगदी सरळ धरून गल्ली ओलांडून गेल्या. समोरच्या रिटायर्ड हेडमास्तरांच्या कुंपणाच्या झुडपात गाडी अर्धी शिरली आहे. सासूबाईंना ओरखडासुद्धा नाही. पुन्हा कधी, असं काल रात्रीपासून दोनदा विचारून झालं आहे, त्यामुळे आता शिकणार आम्ही दोघी. हेडमास्तर बाहेर आले, त्यांनी आधी सासूबाईंना उतरायला हात दिला आणि मग झुडपाबद्दल तासभर बोलले.

ता. क. दुसरं. भंगारवाल्याला अजून कळवलं नसशील तर कळवू नकोस. त्याच्या ट्रकला साखळी असते म्हणे. त्याला पंधराच्या आधीच पाठव, फक्त झुडपातून बाहेर ओढायला. त्याचे जे होतील ते तू दे, हँडब्रेक तू ओढला होतास.

ता. क. शेवटचं. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून आत्ताच पोथी उघडून पाकीट पुन्हा वाचलं. गाडी फाटकाबाहेर आली पाहिजे एवढंच त्यात आहे. बाहेर आल्यावर कुठे थांबली पाहिजे याबद्दल एक अक्षर नाही. तुझ्या जुडग्यात गाडीची दुसरी किल्ली आहे, ती येताना आण. फडकं इथे आहे, तुझ्यासाठी धुऊन ठेवलं आहे.