परागाची पुडी

पेनलान, उत्तर वेल्स
६ सप्टेंबर १९९८

गेथिन,

तू मजेत असशील. नसशील असं समजायला काही कारण दिसत नाही. तुझ्या रोझलिंडचा गुडघा आता बरा असेल. इथे आम्ही ठीक आहोत. पाऊस आहे, पण तो तू असतानाही होताच.

तुझं पत्र जुलैत आलं आणि उत्तर सप्टेंबरात जातंय, त्याबद्दल माफी मागणार नाही. तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला, भिंतीजवळच्या यक्काच्या झाडाला फुलं आली आहेत, तर तू पाठवलेला पराग मी त्यांना लावीन का. दुसरा, योलोच्या लग्नाला तू आलास तर चालेल का. मुलाच्या आधी झाड, हा क्रम तुझा आहे. मी त्याच क्रमाने उत्तर देते.

फुलांची बातमी तुला आपल्या बागप्रेमी मंडळाच्या चिटणिसांनी दिली, हे कळलंच. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझं पाकीट आलं तेव्हा शेजारची नेस्टा माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. आतून कॅमेऱ्याच्या रिळाची डबी निघाली, डबीतून पातळ कागदाची पुडी.

‘‘काय गं ते? तपकीर?’’

‘‘पराग आहे. गेथिनच्या झाडाचा. आपल्या फुलांना लाव म्हणतोय.’’

नेस्टाला ठसका लागला. पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे तिला बोलता आलं. ‘‘बारा वर्षांनी नवऱ्याला बायकोची आठवण झाली आणि पाठवलं काय, तर हे! तेही टपालाने!’’

मीही हसले. नंतर रागही आला, इतका की पुडी चुलीत टाकायला उठले होते. मग बाहेर जाऊन झाडाकडे पाहिलं. माझ्या खांद्याला लागेल एवढा दांडा, त्यावर हिरवट पांढऱ्या घंटा. बी पेरल्यापासून वीस वर्षांनी ते पहिल्यांदा फुललं होतं. झाडाच्या मूळ देशात, अमेरिकेत, म्हणे एक पतंग असतो, तो रात्री येऊन पराग भरतो. आमच्याकडे तो येणार नाही. कुणी हाताने केलं नाही तर सगळी फुलं फुकट गळून जाणार. झाडाने माझं काय वाकडं केलंय? एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर स्टुलावर चढले आणि काडीने एकेका फुलाच्या पोटात तुझा पराग कोंबला. कमरेत उसण भरली ती वेगळी.

तीन बोंडं धरली आहेत. इथल्या ओलीत झाडावर ठेवली तर बुरशी धरेल, म्हणून तयार होत आली की कापून स्वयंपाकघरातल्या खिडकीत वाळवीन. बी मंडळाच्या बियाणे वाटपात जाईल, माझ्या नावाने. तुला हवं असेल तर हिवाळ्यात यादी निघेल तेव्हा सगळ्यांसारखी मागणी कर. बी देणाऱ्यांचा नंबर आधी लागतो, हा नियम तुला ठाऊक आहे. तू गेल्या तीन वर्षांत काहीच दिलं नाहीस, असं चिटणीसच सांगत होते.

मासिकातला तुझा लेख वाचला. ‘ओल्या वेल्समध्ये मी बियांपासून यक्का कसे वाढवले.’ लेखभर मी, मी आणि मी. नेस्टाला वाचून दाखवला तर म्हणाली, ‘‘आयत्या बिळावर नागोबा.’’ वेल्समध्ये तू काय वाढवलंस, ते सांगू का? बी कोमट पाण्यात भिजवलंस, वाळूत पेरलंस, आणि गवतासारखी पाती वर आली तेव्हा गावभर सांगत हिंडलास. एवढं तू केलंस, मान्य. मग थंडी लागेल म्हणून त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलंस. आत घाम धरला आणि फेब्रुवारीत गुंडाळी सोडली तर शेंडे हातात आले, कुजक्या कांद्यासारखे. मी तेव्हापासून सांगत होते की त्यांना थंडीचं काही नाही, ओल मारते त्यांना. ज्या गावात मोजे वाळत नाहीत तिथे एवढं तरी कळायला हवं. पाटीच्या दगडाच्या खाणीतला चुरा आणून भिंतीशी ढीग मी घातला. झाडावर काच आडवी टाकायची, चार बाजू उघड्या ठेवायच्या, हेही माझंच. लेखातल्या फोटोत काच आहे. ती माझ्या माजघराच्या खिडकीची आहे.

तू जाताना काचघरातली भरदार झाडं नेलीस आणि भिंतीशी लावलेली पाच खुरटी इथे ठेवलीस. त्यातली चार मेली. तुमच्या इंग्लंडच्या कोरड्या पूर्व भागात यक्का काय, कुणीही वाढवील.

आता दुसरा प्रश्न.

वरची ओळ लिहिली आणि उठले, चहा केला, बोंडं पाहून आले, भांडी घासली. आता लिहितेच.

ती झाडं तू नेलीस तो दिवस तुला कसा आठवतो, मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तू रोझलिंडकडे कायमचा चाललास, हे तुझं मला सांगून झालं होतं. ‘‘पोराला मी सांगतो, ते माझं काम,’’ असंही तूच म्हणाला होतास. मे महिना होता. मे महिन्यात कुंड्या गाडीत चढल्या की त्या मंडळाच्या प्रदर्शनाला चालल्या, एवढंच योलोला माहीत. त्याने प्रदर्शनाचा सदरा घातला. तू शिकवलं होतंस तसं एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. कुंड्यांमध्ये वर्तमानपत्रं ठासून खोकी भरली, सगळी त्यानेच गाडीत चढवली. आणि सँडविचचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसला.

तू दार उघडलंस आणि म्हणालास, ‘‘उतर.’’

बस. आणखी एक शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. चौदा वर्षांचं पोर डबा घेऊन फाटकाशी उभं राहिलं. आत येऊन मला म्हणालं, ‘‘बाबा म्हणाले, या वेळी जागा नाही.’’ तू असं म्हणालाच नव्हतास. तुझ्या वतीने त्यानेच ते तयार केलं. रात्री जेवताना विचारलं, ‘‘आई, आपला कितवा नंबर आला असेल?’’

मग मीच सांगितलं. नेस्टा आली आणि रात्रभर त्याच्याजवळ बसली, कारण मला ते जमत नव्हतं. तेव्हापासून मी तुझा इतका तिरस्कार केलाय, की त्यातला थोडा कमी झाला असता तर माझ्याच तब्येतीला बरं झालं असतं.

गेल्या रविवारी योलोला तुझं पत्र दाखवलं. तो आणि लाउरी पाहुण्यांची बसायची व्यवस्था ठरवत होते. त्याने वाचलं, घडी घालून ठेवलं. म्हणाला, ‘‘येऊ दे ना त्यांना.’’

मी म्हटलं, ‘‘नीट विचार कर. माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस, आणि नाहीही म्हणू नकोस.’’

‘‘विचार झालाय. येऊन बसलेल्या माणसाला उतर म्हणायला मला नाही जमायचं, आई.’’

लाउरीला काही समजलं नाही. ती म्हणाली, ‘‘उतर कुठून?’’ तो पुन्हा पाहुण्यांच्या यादीकडे वळला.

हे त्याचं उत्तर. तू येऊ शकतोस. माझं उत्तर विचारशील तर येऊ नकोस, असंच आहे. पण लग्न माझं नाही, आणि त्याचं उत्तर तुझ्यापासून लपवायला मी तुझ्यासारखी नाही.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळी अकरा, आपल्याच चॅपलमध्ये. पुढच्या बाकावर माझ्याशेजारी नेस्टा बसेल. ती जागा तिची आहे. तू मागे कुठेही बस. रोझलिंडला आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तिच्याशी नीट बोलेन, फक्त तिच्याशीच.

येतो म्हणालास तर ये. तो दाराकडे बघत राहील. आजही बाहेर गाडी थांबली की बघतो, आणि काही झालंच नाही असं दाखवतो. आणि येणार नसशील तर ते मला कळवू नकोस. त्याचा फोन नंबर खाली लिहिलाय. या वेळी त्याला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही.

शेवटी ‘तुझी’ लिहायची सवय हाताला अजून आहे, म्हणून थांबून लिहिते,

योलोची आई,
तेग्वेन