बहिरूचा रोबो

८ जानेवारी
ठरलं एकदाचं! सोमवारी माझ्या कमरेचं ऑपरेशन, मंगळवारी बहिरूचं. शेजारच्या रिहे गावचा बहिरू – शाळेपासूनचा दोस्त. मणका दोघांचाही सरकलेला, डॉक्टर एकच, खोलीसुद्धा एकच मागून घेतली! फक्त त्याला रोबो, मला नेव्हिगेशन.

डॉ. स्वरदांनी समजावलं – नेव्हिगेशनमध्ये पडद्यावर मणका दिसतो, त्यात बसवायचा स्क्रू कुठं चाललाय तेही दिसतं. दिशा त्या स्वतःच्या हातानं धरणार. रोबोत यंत्राचा हात ठरवलेली दिशा धरून ठेवतो. "स्क्रू दोन्हीकडे मीच बसवणार, काका. दोन्ही चांगलंच."

बहिरूला ऐकू आलं एवढंच – रोबो! त्याच्या गावात, आमच्या घोटावड्यात, सगळ्यांना सांगून झालं. मला म्हणतो, "तुझं आपलं साधंच हाय, अलाभाई."

११ जानेवारी
बायकोनं, दिलशादनं, बॅग भरली. फार घाबरलीय ती. – खोटं. मीच घाबरलोय.

१३ जानेवारी
माझं कालच झालं. पाय हलतात! पण उठायचं म्हटलं की घाम फुटतो. डॉक्टर म्हणाल्या, "उभे राहा काका, काही होत नाही." नाही राहिलो. स्क्रू निसटला तर? दिलशाद आधी चिडली, मग रडली.
दुपारी बहिरूला आत नेलं. जाताना मला सलाम ठोकला!

१४ जानेवारी
संक्रांत. बहिरूची बायको रत्नाबाई तिळगूळ घेऊन आल्या. तो तोंडात टाकून बहिरू वॉकर धरून उठला की! "बघ, रोबोचं काम! तुझ्या नेविगेशनला जमंल का?" दारापर्यंत जाऊन मिशीत हसत परतला.
असा राग आला! ओढला वॉकर, राहिलो उभा. एक पाऊल, मग दुसरं... दाराबाहेर डोकावून आलो! दिलशाद बघतच राहिली.

१७ जानेवारी
रोज शर्यत. तो म्हणतो, "रोबो दमत न्हाई." मी आणखी एक फेरी मारतो. आज जिनाही चढलो! डॉक्टर ओरडल्या – "दोघंही सावकाश!" उद्या घरी.

२ फेब्रुवारी
दोघांचीही तपासणी उत्तम. बाहेर चहा घेताना म्हणालो, हरवलं की नाही तुझ्या रोबोला?
बहिरू बशीत फुंकर मारत म्हणाला, "कसला रोबो! आयत्या वेळी त्यो नीट जुळंना, म्हणून डाक्टरबाईंनी माझंबी नेविगेशनवरच केलं. शुद्धीवर आलो तवाच सांगितलं मला."
"मग बोलला का नाहीस?"
"तू उठत नव्हतास न्हवं."