चिलखताच्या एकतीस कागदांची वाटणी

मी, मनोरमा शत्रुघ्न चुरी, वय अडुसष्ट, विधवा, राहणार आगाशी, तालुका वसई, जिल्हा पालघर. माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही, असं माझे दीर जयवंतभाऊजी गावभर सांगतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलाय. कोणी जबरदस्ती केलेली नाही. रागात लिहितेय, पण शुद्धीत. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि मागची चिकूची वाडी मुलगा भूपेश याला. विकू नकोस असं लिहीत नाही, तू ऐकणार नाहीस. विकलीस तर आधी विहिरीवरचं झाकण नीट बसव, नवा मालक आत पडायला नको.

२. पोस्टातलं असेल ते आणि माझ्या पाटल्या सून रीमाला. तिने मला कधी ‘आई, बसा’ म्हटलं नाही, म्हणून मी अजून चालते. हे कौतुक आहे रीमा, तोंड वाकडं करू नकोस.

३. आता चिलखत. हे सगळं लिहिणार, कोणी घाई करायची नाही.

गेल्या शिवजयंतीला मंडळाने ठरवलं, मिरवणुकीत सरदार माझी नात निधी होणार. आठवीतली पोर, लेझमीत सगळ्यांच्या पुढे. मी जन्मभर ब्लाऊज शिवले. तिच्या अंगावर पेपर लावून माप घेतलं, खाकी कागदाचे एकतीस तुकडे कापले. छाती, पाठ, खांदे, मनगटं, टोप. प्रत्येकावर नंबर आणि बाण. कागद फोमवर ठेवून फोम कापला, शेक देऊन वळवला, चपलेच्या सोल्युशनने चिकटवला. छातीला गोलाई येईना, तेव्हा ब्लाऊजसारखे टक्स घातले. भाऊजी हसले. “वहिनी, सरदाराला पोलकं शिवलंत काय?”

मिरवणुकीच्या सकाळी तेच आले. “पोरीला हे शोभतं का? आरतीचं ताट द्या तिच्या हातात.”

“ताट तुम्ही धरा. साडी मी नेसवते,” मी बोलले.

त्यांनी ब्लेड काढलं आणि पोरीच्या अंगावरच पट्टे कापले. चिलखत चढवलं स्वतःच्या मुलाला, कल्पेशला. आठवीतल्या पोरीच्या मापात तिशीचा बाप्या! पुढून सरदार, मागून दोरीने बांधलेली गादी. वर माईकवर सांगितलं, चिलखत बनवणार जयवंत चुरी.

नाव घेतलं, घेऊ दे. पण निधी त्या दिवसापासून लेझमीला गेली नाही. मला बोलली, “आजी, मला नको ते. फेकून दे.” याला माझ्याकडे माफी नाही, मेल्यावरही नाही.

आणि परवा भाऊजी पुन्हा दारात! “वहिनी, यंदा दहा चिलखतं करायचीत. कागद द्या ना.”

४. म्हणून फाटलेलं चिलखत मंडळाला. दोरीसकट मिरवा. एकतीस कागद निधीचे, एकटीचे. उसने द्यायचे नाहीत, मोबाईलवर फोटो काढू द्यायचे नाहीत, भाऊजींच्या वतीने कोणी गोड बोललं तरी नाहीत. भाऊजींना माझी बोथट कात्री. ती सावकाश कापते, मधे विचार करायला वेळ मिळतो.

५. निधी, जुनं चिलखत तुला आता होणारही नाही, वर्षात चार बोटं वाढलीस. कागद वाढवता येतात. कडेने जागा सोड, टक्सचं टोक हलवू नकोस. बाकीची कलमं मी मेल्यावर लागू. हे एक आजपासून लागू. फोम आणून ठेवलाय. मंडळ घोडा देणार नाही, तर चालत जाऊ, मी बाजूला असेन. रविवारी मापाला ये.

मनोरमा शत्रुघ्न चुरी (सही)

आम्हा दोघांसमोर मनोरमाबाईंनी वाचून दाखवलं आणि सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
एस्थर फर्डिनंड लोपीस, भुईगाव (सही)
फर्डिनंड लोपीस, भुईगाव (सही)

ठिकाण: आगाशी
तारीख: १२ जानेवारी २०२६

एक प्रत निधीला आजच पोचती केली.