दुसरी बॅटरी

चाकूर, मे १९८६

शेषेरावदादा,
जय भीम.

तू धुळीच्या वादळात विमानासकट पडलास, त्याला आज महिना झाला. नव्या जिल्ह्याचा साहेब चौकशीला लातूरहून आला होता. त्यानं विचारलं, "दुसरी बॅटरीही ऐन वेळी बंद पडली. तिच्यात पाणी कोणी भरलं?" मी म्हणाले, "दादानंच."

खोटं बोलले, दादा.

शेडात तू हातानं विमान बांधलंस. मोठी बॅटरी बंद पडली तरी रेडिओ आणि काटे चालावेत म्हणून दुसरी बसवलीस, आणि तिची देखभाल माझ्यावर सोपवलीस. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली तू नांदेडहून आणली होतीस. त्या आठवड्यात टँकर आलाच न्हाई. सरजावहिनी तापानं फणफणली होती, बोअरचं खारट पाणी तिच्या पोटात ठरेना. ती बाटली मी तिला पाजली आणि बॅटरीत बोअरचं पाणी ओतलं. मीटर बरोबर दाखवत होता, म्हणून गप्प बसले.

वहिनी आता बरी हाय. रोज विचारते, "चांगुणा, यांच्या हातून अशी चूक कशी झाली गं?"

मी उठून शेडात जाते, विमानातल्या तुझ्याशी बोलायचा तो रेडिओ लावते. नुसती खरखर असते. तरी त्यातून तुझा आवाज येतो, त्या दिवशी आला तसाच, जरासुद्धा न घाबरलेला: "मोठी बॅटरी गेली गं. काळजी करू नको, दुसरीवर घेतो. ती तुझ्या हातची हाय."

तुझीच,
चांगुणा