तीन मिनिटांचा पूर्वपक्ष

प्रिय धाकटे,

सुनावणीचा छापील वृत्तांत तुझ्या हाती पडला असणार, हे तीन रविवार तुझा फोन आला नाही यावरून मी ताडले. अनुक्रमांक सतरा, निवृत्त भाषाशिक्षक, मत : विरोध. ज्या छोट्या अणुभट्टीसाठी तू दोन वर्षे वरच्या लष्करी तळावर झिजते आहेस, तिलाच तुझ्या बापाने भर सभेत विरोध केला, असे तो कागद वाचणाऱ्या कोणालाही वाटेल. तुझी आईही म्हणाली, "एरवी घरात तोंडातून शब्द फुटत नाही, आणि फुटला तो लेकीच्या मुळावर उठायला!"  तुला तरी उत्तर देणे भाग आहे.

सभा माझ्याच जुन्या शाळेच्या सभागृहात भरली होती. प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि अधिकारीबाईंपुढे टेबलावर घंटा. मी जन्मभर ज्या रीतीने शास्त्र वाचले त्याच रीतीने बोलायला उभा राहिलो. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, तेही त्याला स्वतःला साधणार नाही इतक्या निष्ठेने मांडायचे. मग त्याचे निरसन करून सिद्धांत सांगायचा. मी म्हणालो की तळ हे शत्रूचे पहिले लक्ष्य असते, आणि तिथे असा अग्नी ठेवणे म्हणजे लक्ष्याचे मोल वाढवणे आहे. ज्या सैन्याला इंधनाची तहानच उरणार नाही, त्याला थांबण्याची आठवण कोण करून देईल, असे विचारले. या अग्नीची राख आपल्या पणतवंडांनाही सांभाळावी लागेल, आणि त्यांचा होकार आपण घेतलेला नाही, हेही सांगितले. सभागृह इतके शांत झाले की मला स्वतःच्याच वाणीची भुरळ पडली. "आता याचे उत्तर" एवढे उच्चारले आणि घंटा वाजली.

मी आणखी दोन मिनिटे मागितली. तेव्हा मागच्या बाकावरून आपला बेकरीवाला ओरडला, "गुरुजी, पेपर हिसकावून घेताना तुम्ही आम्हाला कधी दोन मिनिटं दिलीत का?" सगळे खदखदून हसले. लेखनिकाने 'विरोध' लिहून पान उलटले. टाळ्या मात्र खूप पडल्या, आणि सर्वांत मोठ्या कोणाच्या होत्या ठाऊक आहे? टँकरमालकांच्या. तुमची भट्टी पेटली की त्यांची चाके थांबणार. त्यांतल्या एकाने माझा हात दोन्ही हातांत धरून म्हटले, "तात्या, पोटावरचा पाय काढलात आमच्या." त्या हाताला डिझेलचा वास येत होता. तुझ्या दादाच्या गणवेशाला यायचा तोच. मी घरी येऊन तीनदा हात धुतले.

दादाविषयी आपण दोघे कधी बोललो नाही. तो लष्कराचा टँकर घेऊन वर निघण्यापूर्वी फोन करायचा. "तात्या, निघालो. वरच्यांची शेगडी पेटती ठेवायची तर खालून जळण वाहायला गाढव हवंच की!" त्या दिवशीही हेच म्हणाला, आणि मी सवयीने म्हणालो, "गाढवा, हळू जा." एकोणिसाव्या वळणावर बर्फ होते. आम्हाला नंतर कळले की त्या खेपेचे डिझेल वरच्या जनित्रांना जेमतेम दोन दिवस पुरले असते. तू तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. रडली नाहीस. त्याच्या मार्गाचा नकाशा घेऊन गेलीस आणि वसतिगृहात मेजासमोर लावलास. पुढे तू हा अणुभट्टीचा विषय का निवडलास, हे मला तो नकाशा आठवून उमगले होते. मी विचारले नाही, इतकेच.

मग मागच्या सुट्टीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू मला ते इंधन समजावलेस. खसखशीएवढा दाणा, त्यावर एकावर एक कवचे. "एकदा भरलं की कित्येक वर्षं टँकर नकोत, तात्या." मी एवढेच विचारले की विझवायची कशी. तू म्हणालीस, "बंद करता येते. पण आतली ऊब लगेच जात नाही. ती आपली आपण निघून जाईल अशी सोय केलीय." बाळ, मी नंतर कितीतरी दिवस त्या उबेचाच विचार करत होतो. इथे दादाला जाऊन सात वर्षे झाली, आणि तुझी आई अजून त्याचे स्वेटर उन्हात घालते.

आता कबुली. घंटेने माझा घात केला असे मी सर्वांना सांगतो आहे, ते खरे नाही. माझ्या हातात दोन कागद होते. दुसऱ्यावर 'सिद्धांत' असे शीर्षक होते, आणि त्याखाली काहीही नव्हते. चार दिवस बसूनही ओळ सुचली नव्हती. 'होय' लिहू लागलो की वाटे, आपल्या दुःखाचे औषध म्हणून हा बाप साऱ्या गावाच्या उशाशी आग ठेवतो आहे. 'नाही' लिहू लागलो की एकोणिसावे वळण दिसे, आणि तिथे कोणा दुसऱ्याचा मुलगा. ज्या ग्रंथांनी मला प्रत्येक अडचणीत बोट धरून नेले, ते या वेळी फक्त माझ्याकडे पाहत राहिले. अग्नीला त्यांनी पाहुणा म्हटले, साक्षी म्हटले, भक्षकही म्हटले. यांतला तुझा कोणता, ते मला सांगता येत नाही.

काल सुनावणीच्या कार्यालयातून दुरुस्तीचा अर्ज आला. मत चुकीचे नोंदले असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. समर्थन आणि विरोध, दोनच चौकटी. मी पेन्सिलीने दोन्हींत खुणा केल्या आणि दोन्ही खोडल्या. पण त्यांच्या वर एक रकाना आहे : प्रकल्पापासून निवासाचे अंतर. तिथे 'नऊ किलोमीटर' लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. जुन्या लोकांचा एक दंडक होता, की ज्याने अग्नी ठेवला त्याने अग्नीपाशीच राहावे. तू तो पाळते आहेस. मी मात्र नऊ किलोमीटरांवरून निवाडा द्यायला उभा राहिलो होतो.

तेव्हा हे पत्र लिहिण्याचे खरे कारण असे. तुझ्या निवासातली मागची खोली, जिथे तू सायकल आणि खोकी ठेवतेस, ती आम्हा दोघांसाठी रिकामी होईल का? आई तयार आहे. "तुमची पुस्तकं निम्मी आणा, नाहीतर तीच पोरीला बाहेर काढतील," एवढीच तिची अट. त्या रस्त्याने मी सात वर्षांत एकदाही वर आलेलो नाही. आता येईन. एकोणिसाव्या वळणावर गाडी थांबवायची की नाही, ते तिथे पोहोचल्यावर ठरवू. चौकटी अजून कोऱ्याच आहेत आणि पंधरा दिवसांत भरतील असे वाटत नाही. अंतराचा आकडा तेवढा मी खोडून ठेवला आहे. तुझ्या दारापासून भट्टीपर्यंत किती पडते, ते मोजून कळव.

अनिर्णीत, तरीही तुझाच,
तात्या