दोन वायरी, एक खांब

७ जानेवारी

दुसरं नेट बसलं एकदाचं! एक गेलं की दुसरं आपोआप सुरू, ऑफिसचा फोनही त्याच्यावरच. मामंजी म्हणाले, "दोन-दोन नेट कशाला? लग्नघर हाय का ह्ये?" म्हणू देत. दिवाळीपासून लाइन रोज जाते. गल्लीत मोबाइलला रेंज नाही. बंगळूरच्या हॉटेलवाल्या मॅडमना मी फोन लावला तर त्या कायम मीटिंगमध्ये! त्यांची वर्षाची टॉवेलांची ऑर्डर मिळाली तर माग चालतील, नाहीतर शिवणाऱ्या बायकांना घरी बसवावं लागेल. त्यांच्यातली गौरम्मा रोज विचारते, "आला का वो फोन?"

९ जानेवारी

मॅडमची मेल! 'तेराला दुपारी ऑफिसवर फोन करते, महत्त्वाचं बोलायचंय.' देवा सिद्धेश्वरा, तेवढी लाइन सांभाळ.

११ जानेवारी

दोन्ही बंद. एकदम!

बाहेर येऊन बघते तर सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी रस्त्यावरच्या आडव्या वायरी उतरवल्यात. दरवर्षीच उतरवतात, नंदीध्वजाच्या एवढ्या उंच काठ्या जाणार कशा? ते मला कळतं. म्हणूनच तर दुसरी वायर मागच्या बोळातून आणायची ठरली होती! पण आमचा केबलवाला प्रभुलिंग, दोन्ही कंपन्यांची कामं तोच करतो, त्यानं दुसरी वायर पहिलीलाच गुंडाळून त्याच खांबावरून आणलीय. चौकात जाऊन मोबाइल लावला तर म्हणतो, "एकमेकीला आधार राहतो की ताई!"

आधार! पडल्या ना दोघी गळ्यात गळे घालून!

१२ जानेवारी

प्रभुलिंग फोन उचलत नाही. मोबाइल घेऊन चौकापर्यंत जाऊन जाऊन पाय दुखले. शेवटी दिसला. पांढऱ्या बाराबंदीत, नंदीध्वज पेलत, आमच्याच दारावरून! शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या, पण समोर काठी. हात जोडले गेले. त्याला वाटलं त्यालाच नमस्कार केला, मान डोलावली! "उद्या सकाळी येतो ताई, मागनं ओढतो," म्हणाला. असा संताप झालाय आणि काढायचा कुणावर?

१३ जानेवारी, सकाळ

आला खरंच. बाराबंदी सांभाळत शिडीवर चढला, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, बोळातून नवी वायर ओढली. "आता देव जरी आडवा आला..." म्हणाला आणि जीभ चावली. तसाच देवाच्या लग्नाला, अक्षता सोहळ्याला पळाला. तीनदा तपासलं, चालू आहे. त्या माणसावर रागही धड धरता येत नाही.

१३ जानेवारी, दुपार

फोन आला. एकही शब्द तुटला नाही. ऑर्डर डिसेंबरातच दुसऱ्यांना दिली म्हणे. "आपका फोन लगता ही नहीं था." त्यांना वाईट वाटलं म्हणून स्वतः सांगायला फोन केला.

मी मुद्दाम पुन्हा विचारलं. पुन्हाही स्वच्छ ऐकू आलं.

बायकांना संक्रांत झाल्यावर सांगेन.