थंडीतलं पहिलं आसव

वाशीम, मळ्यावरून
पौष वद्य, शके १८५६

प्रिय जानू,

अनेक आशीर्वाद. युनूसभाईंजवळ दिलेला तुझा निरोप पोचला, चादर पोचली, अन् ती पांघरून आईचं आख्ख्या आळीत मिरवूनही झालं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नको. रागावलास तरी अकोल्यात बसून माझं काय करणार आहेस म्हणा. मास्तरांनी चौथीत शिकवलं तसं शुद्ध लिहायचं ठरवून मी दर वेळी बसते, अन् दोन ओळींत हात आपल्या बोलीवर येतो. तू काही परीक्षा घेत नाहीस, तेव्हा चालवून घे. आई बरी आहे. गुडघे धरलेत, पण तोंड ठणठणीत आहे अन् दिवसभर माझ्यावरच चालतं.

मोठी बातमी अशी की आपलं द्राक्षासव तयार झालं, अन् मळा राहतो की जातो ते आता त्याच्यावरच ठरणार आहे. तू दौलताबादेकडून द्राक्षाच्या काड्या आणून विहिरीपाशी रोवल्यास तेव्हा सगळे माळी हसले होते, की जानरावानं वांग्याच्या जमिनीत नवाबी लावली. मग तू अकोल्याला गेलास अन् वेल माझ्या गळ्यात पडला. नवऱ्यामागं माहेरी आलेल्या बाईच्या गळ्यात असंही कोणी ना कोणी काही ना काही टाकतंच. मांडव मी घातला, छाटणी मी शिकले, अन् पुढच्याच फागुनात घड लोंबायला लागले. पण बाजारात द्राक्षाला विचारतो कोण. कोथिंबिरीची जुडी वरून फुकट मागणारे लोक. एक मणी तोंडात टाकायचे, आंबट आहे म्हणायचे अन् पुढे जायचे. अनसिंगच्या बाजाराला गाडीतून नेली तर निम्मा माल पोचेपर्यंत रस होऊन टोपलीखालून गळाला. तेव्हा बापूकाका वैद्य म्हणाले, "पोरी, हे लोकाईले खायले देऊ नको, प्यायले दे. द्राक्षासव लाव. औषध आहे, अशक्ताले चालते, बाळंतिणीले चालते, जुन्या खोकल्याले चालते. मी सांगतो तसं कर."

काकांनी सांगितलं तसं केलं अन् दोन उन्हाळे हात पोळून घेतले. त्यांच्या पोथीत लिहिलंय की रांजण धान्याच्या राशीत पुरा, ऊब लागू द्या. आम्ही तो चैत्रात पुरला. आता ती पोथी लिहिणाऱ्यानं वाशीमचा चैत्र कायले पाहिला असेल. चार दिवसांत रांजण फसफसून तोंडाची कापडमाती फोडून बाहेर आला, अन् पुढे असा आंबला की झाकण काढलं तर डोळ्यांना पाणी. दुसऱ्या साली मी म्हटलं धान्य नको, सावलीत ठेवू, तरी तेच. दोन्ही वेळा युनूसभाईंनी तो सगळा उचलला, त्यांच्या अत्तारी दुकानात औषधांना सिरका लागतोच. आसव गोड होतं तोवर त्यांनी रांजणांच्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, आमच्यात नशेचं चालत नाही बाई म्हणायचे, अन् आंबलं म्हटल्यावर स्वतः खांद्यावर वाहून नेलं. "बाई, तुमचं बिगडलं का आमचं बनते," असं म्हणून हसले, मीही हसले. पण वर्षाची मेहनत सिरक्याच्या भावात गेली की आतून कसं वाटतं ते तुला सांगायला नको.

मग यंदा मी माझी अक्कल चालवली. उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबतं. थंडीत लागायला वेळ घेतं, पण गोड लागतं. हेच आसवाला काहून लागू नसेल. काका आधी चिडले, पोथीबाहेरचं बोलू नको म्हणाले, अन् मग स्वतःच येऊन "कर पाहू" म्हणून गेले. फागुनातली द्राक्षं मी पडवीत सावलीला वाळवली अन् त्या मनुका फडक्यात बांधून दिवाळीनंतरपर्यंत जपल्या. उंदरांनी अन् आईनं मिळून थोड्याफार खाल्ल्या, त्याला इलाज नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची देवला धायटीची वाळकी फुलं घेऊन आली, त्यांच्याशिवाय आसव उठतच नाही, फसफसतच नाही. मार्गशीर्षात दव पडायला लागलं तसे पाच रांजण आतून तूप फिरवून, धुरी देऊन भरले, तोंडं बांधली अन् गळ्यापर्यंत कुटाराच्या भुशात पुरले. थंडीही अशी पडली की आई शेकोटीपासून उठेना. मी रोज सकाळी जाऊन रांजणांना कान लावायची. आत हळू हळू बुडबुडायचं, लहान लेकरू झोपेत बोलतं तसं. कुठं घाई नाही, कुठं उतू जाणं नाही. गेल्या आठवड्यात तो आवाज थांबला. काकांनी सांगितल्याप्रमाणं पेटती वात आत सोडून पाहिली, ती विझली नाही, म्हणजे उठणं संपलं. रंग काळसर तांबडा आलाय, अन् वास असा की काम टाकून त्या खोलीत उभं राहावंसं वाटतं.

आता अडचण ऐक. गावातल्या धर्मार्थ दवाखान्यानं शब्द दिलाय की चांगलं निघालं तर माघापासून दरसाल आपलंच आसव घेऊ. हे जमलं तर वेल राहील अन् मळाही आपल्या हाती राहील. नाही जमलं तर चुलतभाऊ कुदळी घेऊन तयारच आहेत. वेल उपटा, वांगी लावा, अन् बाईमाणसाच्या हाती मळा कायले ठेवता, असं चारचौघांत बोलून राह्यले. पण पाच रांजण म्हणजे पाच लेकरं, एकासारखं एक नाही. एखादं आंबटाकडं झुकतं, एखाद्याला धायटीचा कडूपणा उतरतो. कोणतं दवाखान्याला द्यायचं अन् कोणतं युनूसभाईंना, हे चाखूनच ठरवावं लागतं. एक आंबट बाटली गेली की बापूकाकांचं नाव गेलं, अन् माझं तर अजून लागलंच नाही. अन् इथंच घोडं अडलं, कारण काकांना चव नाही. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचा वास अन् चव गेली ती परत आली नाही. इतकी वर्षं त्यांनी काकूंच्या जिभेवर वैद्यकी चालवली, अन् काकू तर गेल्या पावसाळ्यात वारल्या. आवाज थांबला त्याच दिवशी काका रांजणापाशी बसले, चमचा तोंडात धरला, बराच वेळ धरला, अन् म्हणाले, "पोरी, मले हे अन् पाणी सारखंच." मला त्यांच्याकडं पाहवेना.

आई चाखायला तयार नाही. ज्या तोंडानं देवाचं नाव घेते त्यात हे घालणार नाही म्हणते. मी पाचही चाखले. घशाला ऊब आली एवढंच कळलं, माझी जीभ मिसरीनं केव्हाच मेलेली आहे. बातमी बाहेर फुटली तशी गावातल्या पिणाऱ्यांना आपल्या घराची फार काळजी वाटायला लागली. तो नथ्थू, ज्यानं जन्मात बायकोला घागरभर पाणी काढून दिलं नाही, तो सकाळी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून दारात हजर. म्हणे, "गोजराबाई, पुण्याचं काम आहे, औषध आहे, मी चाखून देतो." पाचही रांजणांतलं प्याला अन् पाचही झकास म्हणाला. तिसरं तेवढं नीट समजलं नाही, पुन्हा द्या म्हणे. मी झाडू हातात घेतला तेव्हा समजलं. अशा माणसाला काय विचारायचं, डोकं फिरलं की त्याचं काम झालं, चवीशी त्याला काय घेणं.

काका म्हणतात, चव कळणारी जीभ उपजत लागते, अन् तिला पिण्याचीही ओळख असावी लागते. हे वाचून तू मनात काय म्हणालास ते मला इथं ऐकू आलं. एवढासा होतास तेव्हा ताक तोंडाला लावून सांगायचास की हे आपल्या गाईचं नाही. डोळे मिटून कोणत्या विहिरीचं पाणी ते ओळखायचास, अन् बाबा पाहुण्यांसमोर तुला मुद्दाम उभा करायचे. पुढे मोहाची प्यायला लागलास तेव्हाही एका घोटात भट्टी सांगायचास. लोक पैजा लावून तुला पाजायचे, अन् तू कौतुकाला भुलून प्यायचास. जीभ शहाणी होती रे, तूच येडा होतास.

आपल्या चांद्या बैलाचं आपण कधी बोललो नाही, आज बोलते. मोट हाणताना तू शुद्धीत नव्हतास, बैल मागं मागं विहिरीकडं येत राहिले अन् तुला ते आवरले नाहीत. चांद्या आत पडला, अन् त्यानंतर लोकांनी तुला नाही नाही ते म्हटलं. पण त्या दिवसापासून तू एक थेंब घेतला नाहीस, हे म्हणायला कोणी आलं नाही, म्हणून मी म्हणते. तू तोंड लपवायला अकोल्याला गेलास असं गाव समजतं. मला ठाऊक आहे, इथं प्रत्येक बांधावर तुला पाजणारा कोणी ना कोणी बसला होता, म्हणून तू गेलास. युनूसभाई मालासाठी तिकडं येतात तेव्हा तुला भेटतात अन् मला खरं ते सांगतात. कापसाच्या जिनिंगमधून सुट्टी झाली की बाकीचे गुत्त्याकडं वळतात, अन् तू खोलीच्या पायरीवर फुटाणे घेऊन बसतोस, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, दिवे लागेपर्यंत. पहिल्या साली हात थरथरायचे, आता थरथरत नाहीत, पण दाबून बसायची सवय गेली नाही म्हणाले. जानू, त्या दिवशी भाकरी थापता थापता मी रडले. आईनं विचारलं तर तिला काही सांगितलं नाही.

आता हे पत्र काहून लिहिलं ते ऐक. बापूकाकांनी मला न विचारता तुला कार्ड टाकलंय. टपालात पडल्यावर मला सांगितलं, अन् फार आनंदानं सांगितलं. त्यात लिहिलंय की गोजराच्या आसवाला तुझी जीभ पाहिजे, येऊन पाच घोट चाख अन् बहिणीचा मळा वाचव. काका मनानं वाईट नाहीत. आईही हरखली आहे. "औषधच तं आहे, एका घोटानं काय होते, लेकरू घरी तं येईन," म्हणते. चार वर्षांनी लेक दिसणार, तिला दुसरं काही सुचत नाही. मी एकटीच नको म्हणून राह्यली, अन् दोघंही माझ्याकडं असं पाहतात की जशी मीच तुला घराबाहेर ठेवते. मला तू पाहिजेस रे, दर भाऊबीजेला मी तुझा पाट मांडते अन् उचलून ठेवते. पण तुला मी ओळखते. स्वतःसाठी तू थेंब घेणार नाहीस. बहिणीसाठी म्हटलं की नाही म्हणणार नाहीस, पाचही रांजणांपाशी बसशील, बरोबर सांगशील, अन् परत गेल्यावर त्या पायरीवर तुझं काय होईल ते पाहायला तिथं मी नसेन. म्हणून सांगते, येऊ नको. रांजणांचं मी ठरवलंय. मिसरीची डबी चुलीत टाकली. दोनच दिवस झाले तर डोकं फुटून राह्यलं, हात आपोआप कमरेला डबी शोधतो, अन् तुझी चार वर्षं कशी गेली असतील ते आता कुठं कळायला लागलं. माघापर्यंत जीभ उघडली तर मीच चाखीन अन् मीच ठरवीन. नाही उघडली तर पाचही रांजण आंबू देईन अन् युनूसभाईंना सिरक्याला देईन, अन् चुलतभावांनी काय करायचं ते करावं. आसव पुढच्या थंडीत पुन्हा लावता येतं. रांजण रिकामे झाले, खोली धुऊन निघाली, की मी स्वतः तुला बोलावीन, तेव्हा पहिल्या गाडीनं ये. तोवर काकांना उलट टपालानं एवढंच लिही, की येत नाही. कारण लिहू नको. आई रडेल, काका रुसतील. मी मात्र त्या दिवशी पोटभर जेवीन.

तुझीच अक्का,
गोजरा